घोडनस

पलंगापासून मोरीपर्यंत आमच्या घरात अकरा पावलं आहेत. वीस वर्षं त्या घरात राहतोय, पण ती कधी मोजली नव्हती. गेल्या मार्गशीर्षात मोजली. मोजायची हौस नव्हती. एकेक पाऊल टाकताना तोंडातून जो आवाज निघायचा, त्यावरून आकडा आपोआप लागायचा.

सकाळी पहिलं पाऊल फरशीवर टेकलं की उजव्या टाचेच्या मागं, बुटाचा काठ लागतो तिथून दोन-तीन बोटं वर, कुणीतरी गंजलेली तार पिळल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या, तिसऱ्या पावलाला तेच. आठव्या-नवव्या पावलाला तार जरा सैल पडायची आणि मोरीतून परत येताना मी बऱ्यापैकी माणसासारखा चालत यायचो. त्यामुळे घरच्यांचा पक्का समज झाला की हे दुखणं फक्त सकाळचा चहा टाकायच्या वेळेपुरतं आहे.

"काय व्हयनं रे? बदकनामायक काय चाली राहिना?" असं मायनं पहिल्याच दिवशी विचारलं. माय अमळनेराकडची. आम्ही जळगावात येऊन स्वतःला शुद्ध वाटेल अशी मराठी बोलायला लागलो, पण दुखण्याची चौकशी माय अहिराणीतच करते, आणि तीत लपवायला जागा नसते. बदक म्हणजे बदक. दोन दिवसांत शाळेत नववीच्या वर्गात माझं तेच नाव पडलं. मायचा आणि नववीच्या वर्गाचा काही संबंध नाही, म्हणजे चाल खरंच तशी असणार.

आता हे झालं कसं. दिवाळीनंतर रक्तातली साखर तपासली, ती काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. मी मेहरूण तलावावर चालायला जाऊ लागलो. सकाळची वेळ, पाण्यावरून येणारी गार हवा, बाहेर बोरं घेऊन बसलेल्या बाया. तीन किलोमीटर चालायचं, बोरं खायची, घरी यायचं. साखर किती उतरत होती देव जाणे, पण मन प्रसन्न होत होतं. तेवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख झाला नसता.

पण आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी दहा किलोमीटरच्या एका शर्यतीत माझं नाव परस्पर नोंदवलं. म्हणाले, "सर, टी-शर्ट मिळतो." सत्तेचाळिसाव्या वर्षी माणूस कशाला भुलेल याची त्यांना चांगली जाण आहे. शर्यतीला पाच आठवडे होते. त्यातले पहिले तीन भरिताच्या पार्ट्यांत गेले. थंडीत खान्देशात रविवार म्हणजे कुणाच्या तरी शेतात काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडजीत ठेचलेलं भरीत, तेल, कांद्याची पात, आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी किंवा पुऱ्या. तिथं "मला साखर आहे" असं म्हणणाऱ्याला लोक "मग आणखी एक भाकरी घ्या, भाकरी साखरेला चांगली" असं म्हणतात. उरलेल्या दोन आठवड्यांत मी तीन किलोमीटर चालण्यावरून एकदम आठ किलोमीटर पळण्यावर गेलो. बूट मुलाचे जुने, कॉलेजला जाताना टाकून गेलेले. टाचेकडं त्यांचा तळ इतका झिजला होता की त्यातून तलावाकाठच्या वाटेवरचा खडा न् खडा कळायचा.

शर्यतीचं फार सांगत नाही. दहापैकी सात किलोमीटर पळालो, पावणेतीन चाललो, आणि शेवटी फोटो काढणारा दिसला म्हणून पुन्हा पळालो. त्या शेवटच्या पाव किलोमीटरनं घात केला असं माझं मत आहे. फिजिओथेरपीवाल्या मॅडमचं मत वेगळं आहे, ते पुढं येईल.

दुखणं जाहीर झालं आणि उपाय सुरू झाले. आमच्या कॉलनीत एकाचा पाय दुखला तर निदान चौदा जण घरी येतात, आणि रिकाम्या हाती कुणी येत नाही. आंबेहळद आली, एरंडाची पानं आली, रुईचं पान तव्यावर गरम करून बांधायचं असं ठरलं. समोरच्या काकूंनी त्यांची स्वतःची टाचदुखी कशी बरी झाली ते तीन दिवस सांगितलं. चौथ्या दिवशी कळलं की त्यांची टाच तळव्याच्या बाजूनं दुखत होती. ते दुखणं वेगळं, त्याचं घराणंच वेगळं. पण मी तोवर त्यांच्या सांगण्यावरून गोठवलेल्या बाटलीवर तळवा घासून घासून सर्दी ओढवून घेतली होती.

मग एक नस बसवणारा झाला. त्यानं अंगठ्यानं पोटरीपासून टाचेपर्यंत अशी काही रेघ ओढली की मला माझे सगळे शालेय शिक्षक आठवले. उजवा पाय झाल्यावर त्यानं डावाही ओढला. डावा दुखत नव्हता. "जोडीनं करावा लागतो," तो म्हणाला. पैसेही त्यानं जोडीनंच घेतले.

शेजारी भुसावळ रेल्वेतून निवृत्त झालेले अण्णा राहतात. त्यांचं निदान सगळ्यात ठाम होतं. "सर, हा हॉट अ‍ॅक्सल आहे. धुरा तापली की डबा गाडीतून तोडायचा आणि सिक लाइनला, म्हणजे नादुरुस्त डब्यांच्या रुळावर, लावायचा. हलवायचा नाही." मला हे फार पटलं. कारण त्यात मला काहीच करायचं नव्हतं. नाताळची सुट्टी जोडून मी पंधरा दिवस सिक लाइनला लागलो. पलंगावर पाय उशीवर, हातात रिमोट. दुखणं पार गेलं. सोळाव्या दिवशी मी मोठ्या ऐटीत उतरलो, भाजी आणायला बाजारात गेलो, आणि सतराव्या दिवशी मोरीपर्यंत पुन्हा अकरा आवाज. उलट पोटरी पंधरा दिवसांत अशी मऊ पडली होती, जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे.

याच सुमारास जिभाऊ आले. जिभाऊ म्हणजे माझे मामा, पण त्यांना सगळं गाव जिभाऊच म्हणतं आणि त्यात मीही आलो. वय पंचाहत्तर. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला जी यात्रा भरते, तिथल्या घोड्यांच्या बाजाराला त्यांनी जन्मात कधी दांडी मारली नसेल. घोडा घेतला एकदाच, तोही फार पूर्वी. बाकी सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे घोडे पाहिले, दात मोजले, सौदे मोडले आणि समाधानानं घरी आले. ते सारंगखेड्याहून परस्पर आमच्याकडं उतरले होते, त्यामुळे नजर अजून बाजारातलीच होती. मला त्यांनी "कसा आहेस" विचारलं नाही. म्हणाले, "तिकडं चालत जा. आता ये." मग उकिडवे बसले, माझा पाय घोड्यासारखा मागं वळवून हातात धरला आणि टाचेवरच्या त्या जाड दोरीला चिमटीत पकडून वरखाली केलं. एका जागी मी ओरडलो. तिथं त्यांना सुपारीएवढी गाठ लागली.

"घोडनस," ते म्हणाले. "घोडं लेतांना पहिले मांगला पाय देखो. ही नस गयी का घोडं वरीसभर कामनं नही."

घोडनस! शब्द ऐकला आणि मला निम्मं बरं वाटलं. इतके दिवस मला काहीतरी झालं होतं, आता मला घोडनस झाली होती. जिभाऊंनी मात्र माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी सारंगखेड्यात पाहिली आहे. सौदा मोडून पुढच्या खुंट्याकडं जाताना ती असते.

या नसेचं इंग्रजी नाव अकिलीज टेंडन. अकिलीज हा ग्रीकांचा योद्धा. त्याच्या आईनं, थेटिसनं, त्याला अमर करण्यासाठी स्टिक्स नदीत बुडवून काढलं, पण बुडवताना टाच हातात धरली होती, तेवढी कोरडी राहिली. पुढं ट्रॉयच्या युद्धात पॅरिसचा बाण नेमका तिथं लागला. ही कथा मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलोय आणि दर वर्षी एखादा तरी पोरगा विचारतो, "सर, मग दुसऱ्यांदा उलटं धरून का नाही बुडवलं?" याला माझ्याकडं उत्तर नाही. आपल्याकडं गांधारीनं नजरेनं दुर्योधनाचं अंग वज्राचं केलं आणि मांडी तेवढी राहिली. श्रीकृष्णालाही जरा व्याधाचा बाण लागला तो पायालाच. आया आणि देव सगळी काळजी घेतात आणि कंबरेखाली हटकून काहीतरी राहून जातं. टेंडनला अकिलीजचं नाव दिलं ते फिलिप फरहेयेन या शरीरशास्त्रज्ञानं, १६९३ च्या आपल्या ग्रंथात. गंमत म्हणजे या गृहस्थाचा एक पाय तरुणपणीच कापावा लागला होता. म्हणजे आपल्याकडं ज्याचं नाव घोड्यावरून पडलं, त्याच नसेचं नाव तिकडं मेलेल्या वीरावरून एका पाय गमावलेल्या माणसानं ठेवलं. मला आपलं नाव जास्त आशादायक वाटतं.

त्या रविवारी जिभाऊंनीच आम्हाला उनपदेवला नेलं. चोपडा तालुक्यात अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचा झरा आहे, गोमुखातून पाणी पडतं. तिथं कुंडाच्या काठावर बसून मी पायजमा दुमडला आणि उजवा पाय घोट्यापर्यंत बुडवला. बाकीचा मी कोरडा. अकिलीजच्या आईनं टाच सोडून सगळं बुडवलं होतं. मी सगळं सोडून टाच बुडवली. दोघांची मिळून एक आंघोळ पुरी झाली असती. पाण्यात होतो तोवर फार छान वाटलं. गाडीत बसून तासाभरानं जळगावला उतरलो तेव्हा पुन्हा बदक.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी मला टेबलावर पालथं झोपवलं, पावलं काठाबाहेर लोंबकळत ठेवली आणि पोटरी दाबली. पाऊल खाली झुकलं. "तुटलेली नाही," म्हणाले. नस पूर्ण तुटली असेल तर पोटरी दाबूनही पाऊल जागचं हलत नाही. तुटताना म्हणे कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखं वाटतं, माणूस वळून बघतो तर मागं कुणीच नसतं. असं झालं तर मात्र घरगुती काही न करता सरळ दवाखाना गाठायचा. मग त्यांनी विचारलं, मधल्या काळात कुठली अँटिबायोटिक घेतली का? मला आठवलं, तिसऱ्या भरिताच्या पार्टीनंतर पोट बिघडलं होतं आणि कपाटात उरलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या मी माझ्या अधिकारात घेतल्या होत्या. डॉक्टरांनी चष्मा काढला. या जातीच्या गोळ्यांनी क्वचित टेंडन दुखावतं, तुटतंही. साठीपुढच्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनं २००८ साली या गोळ्यांवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला आहे. "तुमचं बहुतेक पळण्यानंच झालंय," ते म्हणाले, "पण ते कपाट रिकामं करा." मी इंजेक्शनचं विचारलं, कारण अण्णांनी ते विचारायला सांगितलं होतं. तर ते जवळजवळ ओरडले. या नसेत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर ती कमजोर होऊन तुटायची भीती असते. गोळ्या नाहीत, सुई नाही, पट्टा नाही. चिठ्ठीवर फक्त फिजिओथेरपी लिहिलेलं बघून मला फसवल्यासारखं वाटलं.

फिजिओथेरपीवाल्या मॅडम माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. मला काका म्हणायच्या, पण हुकूम द्यायच्या हेडमास्तरसारखा. मी माझी कहाणी शेवटच्या पाव किलोमीटरसह सांगितली. त्या म्हणाल्या, "काका, शेवटच्या पावात काही झालं नाही. जे झालं ते पाच आठवड्यांत झालं. तीनवरून आठवर कोण जातं?"

मग त्यांनी मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. पोटरीचे दोन स्नायू, एक वरचा फुगीर आणि एक त्याच्या आतला चपटा, खाली येऊन एका दोरीत मिळतात आणि ती दोरी टाचेच्या हाडाला बांधलेली असते. साधारण वीतभर लांब, शरीरातली सगळ्यात जाड आणि दणकट दोरी. पळताना तिच्यावर वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. माझं वजन ब्याऐंशी किलो. म्हणजे दर पावलाला पाच ते साडेसहा क्विंटल. आमच्याकडं क्विंटल म्हटलं की कापूस डोळ्यांसमोर येतो. पाच क्विंटल कापूस मी एका दोरीनं उचलत होतो, ती दोरी वीस वर्षं खुंटीला टांगलेली, आणि उचलत होतो तो टी-शर्टसाठी.

ही दोरी वळलेल्या सुतळीसारखी असते, बारीक धाग्यांच्या लडी एका दिशेनं बसलेल्या. एकदम जास्त ताण पडत राहिला की काही लडी विस्कटतात. टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वरच्या भागाला रक्ताचा पुरवठाही बेताचा, म्हणून दुरुस्तीची गाडी तिथं उशिरा पोचते. शरीर घाईघाईनं जे ठिगळ लावतं त्याचा धागा कुठल्याही दिशेला पसरतो, म्हणून तिथं ती जाड गाठ. पूर्वी याला सूज म्हणून टेंडिनायटिस म्हणायचे. आता टेंडिनोपॅथी म्हणतात, कारण जुनाट दुखण्यात सूज हे मुख्य कारण नसतं. म्हणूनच माझ्या आंबेहळदीला आणि मलमाला तिथं फारसं काम नव्हतं.

"मग आराम?" मी आशेनं विचारलं.

"पंधरा दिवस केलात ना? काय झालं? दोरीला ताण मिळाला नाही तर ती आणखी लेचीपेची होते. तिला कळलं पाहिजे की धागे कुठल्या दिशेनं लावायचे. ते ताणानंच कळतं. पण मोजून."

अण्णांच्या रेल्वेला हे मान्य नव्हतं. जिभाऊंना मात्र लगेच पटलं. लंगडं घोडं खुंट्याला बांधून ठेवलं तर ते कायमचं लंगडं राहतं, आणि पळवलं तर संपतं. त्याला रोज लगाम धरून चालवावं लागतं, असं त्यांनी फोनवर सांगितलं. मला जिभाऊ आणि मॅडम एकमेकांना कधीही न भेटता माझ्याविरुद्ध एक झालेले दिसले.

तो व्यायाम असा. जिन्याच्या पायरीच्या काठावर चवड्यांवर उभं राहायचं, टाचा हवेत. दोन्ही पायांवर वर उठायचं. मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच हळूहळू पायरीच्या खाली सोडायची, घागर विहिरीत सोडतात तशी, सावकाश. वर येताना चांगल्या पायाचा आधार. असं पंधरा वेळा, तीन फेऱ्या, गुडघा सरळ ठेवून. मग तेच पुन्हा गुडघा वाकवून, कारण त्यानं आतला चपटा स्नायू कामाला लागतो. सकाळ-संध्याकाळ. बारा आठवडे, रविवारसकट. मी गणिताचा नाही, तरी घरी येऊन हिशेब मांडला: दिवसाला एकशे ऐंशी, बारा आठवड्यांत पंधरा हजार एकशे वीस. आकडा बायकोला सांगितला. ती म्हणाली, "इतक्या वेळा तर मी लग्नापासून गॅस पुसला असेल, त्याचा कुठं लेख आला?"

ज्यांची नस अगदी टाचेच्या हाडाला चिकटते तिथंच दुखते, त्यांना टाच पायरीखाली सोडायला सांगत नाहीत, जमिनीवरच करायला लावतात. माझी वर होती, म्हणून मला खोल विहीर मिळाली.

या व्यायामाची जन्मकथा मला मॅडमनीच सांगितली, आणि ती माझी फार आवडती आहे. स्वीडनमध्ये उमेओ इथं होकान आल्फ्रेडसन नावाचे हाडांचे डॉक्टर. त्यांची स्वतःचीच घोडनस दुखायची. ऑपरेशन करा म्हणून ते आपल्या साहेबाच्या मागं लागले, साहेब करेना. तेव्हा त्यांनी ठरवलं की ही नस आपणच तोडायची. तुटली की ऑपरेशन करावंच लागेल. म्हणून ते दुखत असतानाही पायरीवरून टाच खाली सोडून मुद्दाम जोर देत राहिले. नस तुटेना. उलट बरी झाली. १९९८ साली त्यांनी पंधरा हौशी धावपटूंवर हाच प्रयोग छापला. बारा आठवड्यांनी पंधराही जण पुन्हा पूर्वीसारखे पळायला लागले होते. स्वतःच्या पायाशी इतकं वैर धरून त्याचं भलं झालेला दुसरा माणूस मला माहीत नाही. पुढच्या काळात वजन घेऊन सावकाश करायचे दुसरे प्रकारही आले आणि त्यांनीही गुण येतो असं दिसलं. पण मला ही सूडाची पद्धतच भावली.

दुखेल, असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. शून्य ते दहा असं मोजायचं. पाचपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळपेक्षा वाढलेलं नको. हा आकडा घरात फार लोकप्रिय झाला. "अहो, आज किती?" "तीन." "मग गिरणीत जाऊन या." चार असलं तर दूध, पाच असलं तर फक्त कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. मी एकदा सहा सांगितलं. मुलानं फोनवरून विचारलं, "बाबा, आज पाहुणे येणारेत का?"

बुटात टाचेखाली रबराचा तुकडा घालायचा होता, सेंटीमीटरभर, सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरता. टाच जरा उचलली की दोरीवरचा ताण कमी होतो. आमच्या चौकातल्या चप्पल शिवणाऱ्या दादांना हे सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडं खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "उंची वाढवायची का सर? दोन्हीत घाला, एकात घातलं तर कळतं."

सकाळी सहाला मी गच्चीच्या जिन्यावर उभा. माघ गेला, फाल्गुन गेला, चैत्र आला. जळगावचा चैत्र ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. संध्याकाळच्या पाळीला कठडा इतका तापलेला असायचा की आधाराला हात टेकवायचा तर मधे टॉवेल लागायचा. समोरच्या इमारतीतून माझं अर्धं डोकं तेवढं दिसायचं: वर येतंय, थांबतंय, हळूहळू बुडतंय. समोरच्या काकूंनी बायकोला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "सर सूर्याला अर्घ्य देतात का?" शाळेत मधल्या सुट्टीत पहिल्या मजल्याच्या पायरीवर उरलेल्या फेऱ्या करायचो. पाचवीतला एक मुलगा बराच वेळ खाली उभा राहून बघत होता. मग म्हणाला, "सर, उडी मारा ना, काही नाही होत."

पाचव्या आठवड्यात एका सकाळी मोरीपर्यंत गेलो आणि लक्षात आलं की आपण मोजलंच नाही. परत पलंगावर जाऊन पुन्हा उतरलो, खात्री करायला. तीन आवाज.

मग मॅडम म्हणाल्या, आता नुसत्या वजनानं भागणार नाही, पाठीवर ओझं घ्या. पाच किलोपासून सुरू करा. मुलाची कॉलेजची बॅग होती. वजनाला काय भरायचं? पुस्तकं टोचतात. मी कोठीतून पाच किलो दादर काढली, आमची खान्देशची पांढरी टपोरी रब्बी ज्वारी, पिशवीत बांधली आणि बॅगेत ठेवली. आठव्या आठवड्यात आणखी पाच किलो घातली. दहा किलो दादर पाठीवर घेऊन, दात आवळून, पहाटे टाच सोडायची. पहिले चार-पाच दिवस कठीण गेले. पण नंतर रोज थोडं हलकं वाटायला लागलं. दहाव्या आठवड्यात तर मी सहज करत होतो. जिभाऊंना फोन केला, "दहा किलो घेऊन करतो, काही वाटत नाही." जिभाऊ म्हणाले, "घोडं बरं व्हयनं." त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला मला तीन महिने लागले होते.

बारावा आठवडा संपला. मोरीपर्यंत आवाज बंद. मॅडमकडं शेवटचं दाखवायला गेलो. बायकोही होती. बॅग सोबत नेली होती, कारण मला ते करून दाखवायचं होतं. तिथल्या पायरीवर मी पंधरा वेळा करून दाखवलं, गुडघा सरळ, चेहऱ्यावर हसू. मॅडम कौतुकानं बघत होत्या. मग त्यांनी सहज बॅग उचलली, हातात तोलली, आणि वजनकाट्यावर ठेवली.

साडेतीन किलो.

बॅग उघडली. वर मुलाचं जुनं स्वेटर, त्याखाली एक चादर, आणि तळाशी पिशवीत मूठमूठभर उरलेली दादर. मी बायकोकडं पाहिलं.

"कोठीतली संपली होती," ती म्हणाली. "कळण्याला रोज थोडी थोडी घ्यायचे. बॅग सैल पडली तर तुमच्या पाठीला टोचेल, म्हणून वरून स्वेटर कोंबलं."

"अगं, पण सांगायचंस तरी!"

"तुम्ही रोज म्हणायचात, आज हलकं वाटलं, आज बरं वाटलं. मला वाटलं पायाला गुण येतोय, कशाला मोडता घालू?"

मॅडम तोंडावर हात धरून बराच वेळ भिंतीकडं बघत होत्या. मग वळून म्हणाल्या, "काका, पाय चांगला आहे. पण पळायचं इतक्यात नाही. उद्यापासून पुन्हा दहा किलो, आणखी चार आठवडे."

"ताई, जिभाऊंकडची नवी दादर अजून यायचीय," बायको म्हणाली. "गहू चालतील का?"

मॅडमनी क्षणभर विचार केला.

"चालतील," त्या म्हणाल्या. "पण काकू, दळायचे नाहीत."